हजार सोनेरी बिया

"थांब. बोट लावू नकोस," तोळामासा म्हणाले. "आत्ता हे चाक कुठं थांबलं?"

"कलिंगडावर थांबत होतं की. पण जरासं पुढं सरकलं." बायको खाटेवर बसली होती. गुडघ्याला पट्टा, पट्ट्याखाली उशी, हातात फोन. "केसभर सरकलं."

"काल?"

"कालही केसभरच."

"परवा?"

बायकोनं फोन छातीशी धरला. "अहो, माझी तपासणी चाललीय का?"

"तुझी नाही. चाकाची."

तोळामासा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं ते पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानचे काटे तपासत हिंडले होते. बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फार पूर्वी एका सराफाच्या काट्यात मुंगीच्या वजनाएवढा फरक निघाला, म्हणून त्यांनी दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं. ती खरोखरच मुंगी होती, असं सराफ अजून सांगतो. तेव्हापासून ते तोळामासा झाले, आणि हळूहळू ते नाव बाजारातून चालत घरी आलं. मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करायची तेव्हा बायको म्हणायची, "तोळामासा आंघोळीला गेलेत."

निवृत्तीला तीन महिने उरले होते.

काटा खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. तोळामासांच्या मते काट्याइतका खोटारडा प्राणी दुसरा नाही. त्याला तोंड नाही म्हणून लोकांना त्याची कीव येते, एवढंच. त्यांची एक साधी परीक्षा होती. जो काटा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे चुकतो, तो आजारी. जो नेहमी दुकानदाराच्याच बाजूला चुकतो तो आजारी नाही, तो नोकरीला आहे.

बायकोच्या फोनमधलं चाक नोकरीला आहे, असा संशय त्यांना त्या संध्याकाळी आला.

खेळाचं नाव फळबहार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलीनंच तो आईच्या फोनवर घालून दिला होता. "आई, वेळ जाईल. फुकट आहे." फुकट हा शब्द ऐकून शेजारच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या तोळामासांनी मान वर केली होती. ज्या दुकानात पिशवी फुकट असते तिथं ती पिशवी मालाबरोबर काट्यावर चढते, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. पण बायको पुढचे दोन महिने घरात अडकून पडणार होती, म्हणून ते तेव्हा काही बोलले नाहीत.

खेळ तसा बाळबोध होता. तीन सारखी फळं एका रांगेत आणली की ती फुटायची आणि बागेत एक झाड वाढायचं. रोज एकदा नशिबाचं चाक फुकट फिरवता यायचं. पुढच्या प्रत्येक फेरीला तीस सोनेरी बिया लागायच्या. बिया खेळता खेळता चिमूट चिमूट मिळायच्या, नाहीतर दुकानातून विकत घ्यायच्या. शिवाय दहा-दहा जणांची पथकं असायची आणि त्यांची दर आठवड्याला चुरस लागायची. रविवारी सहाच्या ठोक्याला फळं मोजायची आणि क्रमांक लावायचे. बायकोच्या पथकात आठ मुकी माणसं होती आणि नववी भिंगरी नावाची एक बाई होती. ती रोज सकाळी लिहायची, "ताई, गुडघा कसा आहे?"

बायको बावीस वर्षं एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसली होती. दिवसाला शंभर अनोळखी माणसं तिला काहीतरी विचारायची. निवृत्त झाल्यापासून प्रश्न कमी होत गेले, आणि ऑपरेशननंतर 'गोळी घेतलीस का' एवढा एकच उरला. तोही ते दारातूनच विचारायचे.

दुसऱ्या दिवशी तोळामासांनी मुलीची जुनी कंपासपेटी काढली आणि कोनमापक फोनच्या काचेवर ठेवला. चाकाचे आठ भाग होते. आठही सारखेच, पंचेचाळीस अंशांचे.

"चित्र बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे चोरी चित्रात नाही."

"चोरी आहे हे कधी ठरलं?" बायको म्हणाली.

मग त्यांनी तुलनेसाठी दुसरा काटा आणला, म्हणजे स्वतःच्या फोनवरही तोच खेळ घातला. पहिल्याच फेरीला चाक कलिंगडावर थांबलं. पाचशे बिया, चाकावरचं सगळ्यात मोठं बक्षीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा कलिंगड. तिसऱ्या दिवशी केसभर सरकलं, आणि मग सरकतच राहिलं. तोळामासांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. नव्या गिऱ्हाइकाला पहिलं माप भरभरून द्यायचं आणि पुढं हात आखडायचा, ही भाजीवाल्याची रीत. पण भाजीवाल्याला निदान गिऱ्हाइकाचं तोंड लक्षात ठेवावं लागतं.

आता पुरावा हवा होता. दिवसाला एका फुकट फेरीनं पुरावा व्हायला वर्ष लागलं असतं. खात्यात यावर जुना उपाय आहे, चाचणी खरेदी. आपण निरीक्षक नाहीच असा चेहरा करून माल घ्यायचा आणि कोपऱ्यावर जाऊन पुन्हा मोजायचा. तोळामासांनी स्वतःच्या कार्डावर बायकोच्या फोनमध्ये बियांचं पाकीट घेतलं. पाकिटात ऐंशी बिया. तीस-तीसच्या दोन फेऱ्या झाल्या, वीस उरल्या. वीस बियांत खेळात काहीच येत नाही. त्या वाया जाऊ नयेत म्हणून दुसरं पाकीट. शंभरात तीन फेऱ्या झाल्या, दहा उरल्या. म्हणून तिसरं.

सदऱ्याला आठ बटणं लागतात हे ठाऊक असून सात-सातची पाकिटं करणारा एक बटणवाला त्यांनी पूर्वी पकडला होता. पण तो बिचारा दर सदऱ्यामागे एका बटणापुरताच लबाड होता.

"मी दोन महिन्यांत यात छदाम घातला नाही," बायको म्हणाली. "तुम्ही चार दिवसांत किती घातला?"

"ती खरेदी नव्हे. चाचणी खरेदी."

"मग पैसे चाचणीचे गेले की खरे?"

या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नव्हतं. खात्यात चाचणी खरेदीचे पैसे परत मिळतात. पण त्यासाठी आधी मंजुरी लागते, आणि मंजुरी कशाची मागायची हे तोळामासांना सुचेना.

ऐंशी फेऱ्यांची नोंद झाली. आठात एक या न्यायानं कलिंगड दहा वेळा यायला हवं होतं. आलं नव्हतं. एकदाही नाही. त्याच्या डावीउजवीकडच्या दोन भागांवर मात्र चाक चौतीस वेळा थांबलं होतं. म्हणजे माणसाला दर वेळी वाटावं, गेलंच होतं हातात. तोळामासांनी वही मिटली आणि बऱ्याच दिवसांनी जेवणावर ताव मारला.

स्वतःच्या फोनवरही ते अधूनमधून नोंदी घेत होते. एकदा बाजारात दुपारी एका वखारीच्या सावलीत उभे राहून द्राक्षं फोडत असताना मागून खिळेवाल्याचा आवाज आला. खिळे, कड्या, बिजागऱ्या वजनावर विकणारा हा दुकानदार त्यांना वीस वर्षं ओळखत होता आणि वीस वर्षं टाळत होता.

"साहेब, फळबहार?"

"तपासणी चालू आहे," तोळामासा फोन खिशात सारत म्हणाले.

"हो, हो. आमचा जावईही तीच तपासणी करतो. तीन वर्षं झाली, अजून निकाल लागत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी तक्रार लिहायला घेतली. नुकसान बायकोच्या चाकावर झालेलं, म्हणून तक्रारही तिच्याच फोनवरून. उद्या 'तुम्ही तर नवीन, तुम्हाला दोनदा कलिंगड दिलं' असं म्हणायला जागा नको. चौदा कलमं, चाकाची आकृती शब्दांत, पाकिटांचा घोळ, आणि शेवटी 'तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा'. मदतीच्या चौकटीत एका वेळी जेमतेम चार ओळी मावत होत्या. त्यांनी मजकुराचे एकोणीस भाग केले आणि पहिला पाठवला.

दुसरा लिहीपर्यंत उत्तर आलं.

फळबहारात माळीणबाई म्हणून एक चित्र होतं. गोल टोपी, लाल गाल. ती म्हणाली, "अरेरे! तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. ही घ्या आमच्याकडून छोटीशी भेट!" मग लाल फीत बांधलेली पेटी उघडली. आत अडीचशे सोनेरी बिया. खाली एकच बटण होतं: घ्या.

तोळामासांनी फोन खाटेवर ठेवला आणि ते दोन पावलं मागं सरले.

बत्तीस वर्षांत लोकांनी त्यांना काय काय देऊ केलं होतं. घड्याळ, टेबलफॅन, सुटाचं कापड, आणि एकदा तर जिवंत बदक. सगळं त्यांनी ज्याचं त्याला परत केलं होतं, आणि प्रत्येक वेळी दोन साक्षीदारांच्या सह्यांची पावती घेतली होती. बदकाचीही पावती आहे. तिच्यावरच्या सह्या थोड्या फिसकटल्यात, कारण बदक शांत बसत नव्हतं.

त्यांनी लिहिलं, "भेट नको. परत घ्यावी. खुलासा हवा."

माळीणबाई म्हणाली, "तुमचं समाधान झालं नाही, वाईट वाटलं. भेट दुप्पट!" पेटीत पाचशे बिया झाल्या.

त्यांनी लिहिलं, "हा निरीक्षकाला लालूच दाखवण्याचा प्रकार आहे. याची गंभीर दखल घेतली जाईल."

पेटीत हजार झाल्या.

तोळामासा थांबले. बाजारातला लबाड दोनदा नाही ऐकल्यावर धमकी देतो, निदान तोंड तरी वाकडं करतो. इथं जितकं रागवावं तितका गोडवा वाढत होता. समोरच्याचा राग विकत घेण्याइतका माल ज्याच्याकडे फुकट पडलाय, त्याच्याशी भांडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पेटी जाईना. तिला फुली नव्हती, मागं जायला बाण नव्हता. फोन बंद करून चालू केला, तरी खेळ उघडला की पेटी, फीत आणि 'घ्या'.

"दाबून टाका ना," बायको म्हणाली. "मला आत जाऊ दे."

"लाच आहे ती."

"अहो, बिया आहेत. त्याही खोट्या."

"खोट्या असतील तर दोन महिने तू काय जमवत होतीस?"

तिनं गुडघ्याचा पट्टा सारखा केला. तोळामासांना वाटलं, मुद्दा पटला. "आणि खऱ्या असतील तर लाचही खरी."

"आज गुरुवार," ती थोड्या वेळानं म्हणाली. "रविवारी सहाला पथकाची मोजणी. मी नसले तर नऊच जण. भिंगरी वाट बघेल."

"भिंगरी माणूस आहे कशावरून?"

"रोज विचारते ती, गुडघा कसा आहे."

"यंत्रही विचारील. एकदा सांगितलं की लक्षात ठेवायला त्याच्या बापाचं काय जातं?"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून लोकांकडे पाहायची तसं, नेमकं.

"तुम्ही माणूस आहात. तुम्ही आज विचारलं नाहीत."

मग तिनं फोन उपडा करून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

शुक्रवारी तोळामासा कचेरीत वरच्या साहेबांकडे गेले. साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि त्यांना थोडे घाबरूनही होते, कारण खात्याची नियमावली कचेरीत फक्त तोळामासांनी वाचलेली होती. तोळामासांनी भेटवस्तू जाहीर करण्याचा नमुना भरून समोर ठेवला.

साहेबांनी तो वाचला. मग उठून दार लावलं आणि पुन्हा वाचला.

"देणाऱ्याचं नाव... माळीणबाई?"

"तेवढंच कळलंय."

"पूर्ण नाव, पत्ता?"

"चित्र आहे, साहेब."

"वस्तू, सोनेरी बिया. नग हजार. अंदाजे किंमत, कोरी सोडलीय."

"पाकिटाच्या भावानं काढता येते. पण ते सुट्या विकत नाहीत. तोही एक गुन्हा मी जोडपत्रात घातलाय."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, लाच देऊ केली म्हणताय. कशासाठी? त्यांच्यावर कारवाई करायचा आपल्याला काही अधिकार आहे का? ते कुठं वजनावर विकतात?"

"नगावर विकतात. नग आपल्याकडे येतात."

"बरं. ते बटण दाबलंत?"

"छे!"

"मग भेट स्वीकारली नाही. स्वीकारली नाही तर जाहीर काय करताय? आणि दाबलंत तर परत करता येत नाही म्हणताय. मग मी शेरा मारू कुठं?" साहेबांचा आवाज एकाएकी खाली आला. "का हो... जाता जाता माझी परीक्षा तर घेत नाही ना? कुणी सांगितलंय का तुम्हाला?"

"साहेब, मला फक्त या बिया परत करायच्यात."

साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. माणूस सरळ बोलतोय, हा निष्कर्ष ते सगळ्यात शेवटी काढायचे. त्यांनी नमुना घडी घालून तोळामासांच्याच खिशात ठेवला. "काकूंना दाबू द्या ना," ते म्हणाले. "त्या कुठं खात्यात आहेत?"

तोळामासांचे कान तापले. बत्तीस वर्षांत खात्यात ज्यानं ज्यानं खाल्लं, तो हेच म्हणाला होता. पाकीट घरी जायचं, दार बायको उघडायची, सह्या करणारे हात स्वच्छ राहायचे. एका निरीक्षकाच्या बायकोकडे सात पंखे होते. चौकशीत त्यांनी सांगितलं, मला काही माहीत नाही, हिला उकडतं.

शनिवार तसाच गेला. घरात बोलणं होत होतं, पण 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच. बायको फोनला हात लावत नव्हती. काठी घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायची आणि परत यायची. मुलीचा फोन घरच्या जुन्या फोनवर आला तेव्हा म्हणाली, "काही नाही गं. खेळ बंद आहे. दुरुस्ती चाललीय."

रविवारी दुपारी तिचा डोळा लागला. तोळामासा चवड्यांवर टेबलापाशी गेले आणि खाली वाकले. गुरुवारीच त्यांनी फोनच्या चारी कोपऱ्यांशी पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या होत्या. फोन खुणांवर तसाच होता. त्यांनी तो उचलला, खेळ उघडला. पेटी तशीच, फीत तशीच.

"हललाय का?"

बायकोचे डोळे उघडे होते.

"काय?"

"फोन. त्या खुणा मला गुरुवारीच दिसल्या. मोलकरणीनं पुसू नयेत म्हणून तिला सांगितलंसुद्धा, तेवढं टेबल राहू दे."

तोळामासा वाकलेले सरळ झाले.

"मला दाबायचं असतं तर दाबून पुन्हा खुणेवर ठेवला असता," ती म्हणाली. "बावीस वर्षं खिडकीत काढलीत. वस्तू जिथल्या तिथं ठेवायला मलाही येतं."

"मग दाबलं का नाहीस?"

"तुमची बत्तीस वर्षं आहेत." तिनं उशी सारखी केली. "माझा आपला एक गुडघा आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. तोळामासा खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. काही वेळ ते हातातल्या फोनकडे बघत राहिले, जसे एखाद्या काट्याकडे बघायचे, स्थिर होण्याची वाट पाहत. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी विजारीला पुसली.

"अहो, द्या इकडं. मी दाबते."

"नको. तू दाबायचं नाहीस." त्यांचा आवाज कचेरीतला झाला. "जे काय घ्यायचं ते मी घेतो."

आणि त्यांनी दाबलं.

बिया वरून पडायला लागल्या. वाजंत्री वाजली. माळीणबाईनं टोपी उडवली. हजार बिया मोजून पडायला चांगलं अर्धं मिनिट लागलं, आणि तेवढा वेळ दोघंही बघत बसले. कुणी दाराची कडी वाजवली नाही. आकाश वगैरे जिथं होतं तिथंच होतं. तोळामासांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बायकोनं फोन घेतला आणि झपाझप फळं फोडायला लागली. पथकाच्या फळ्यावर भिंगरीचे तीन निरोप होते. ताई, दिसला नाहीत. ताई, गुडघा दुखतोय का? ताई, नवीन माणूस घेऊ म्हणतायत, मी म्हटलं थांबा, येतील.

तोळामासांनीही ते वाचले. यंत्रही असं लिहील, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"कसा आहे गुडघा?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे," ती मान वर न करता म्हणाली आणि बोटांनीही तेच लिहीत होती. उत्तर कुणाला मिळालं हे त्यांना कळलं नाही.

पथक अकरावं आलं. बक्षीस पहिल्या पाचांना होतं. बायको म्हणाली, तीन दिवस गेले त्या मानानं चांगलंय. हजार बियांतली एकही तिनं वापरली नाही. "त्या तुमच्या आहेत," ती म्हणाली. काचेच्या कोपऱ्यात तो आकडा लुकलुकत राहिला.

सोमवारी तोळामासा ठरल्याप्रमाणे खिळेवाल्याच्या दुकानात गेले. पेटी उघडली, पाटावर कापड पसरलं, काट्याची पातळी पाहिली. एक किलोचं वजन ठेवलं. काट्यानं एक किलो आठ ग्रॅम दाखवलं. उचलून पुन्हा ठेवलं. आठ. पाच किलोला चाळीस. एका बाजूला, न चुकता.

"वाऱ्यामुळं असेल, साहेब," खिळेवाला म्हणाला. वीस वर्षं तो हेच म्हणत होता.

"पंखा बंद आहे."

"मग दमटपणा."

तोळामासांनी काट्यावरचं वजन उतरवलं. तपासणीपत्राची वही काढली. दुकानाचं नाव, काट्याचा क्रमांक, फरक, दंड. हात सवयीनं चालत होता. पानाच्या तळाशी निरीक्षकाच्या सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते. त्या ओळीखाली त्यांनी आयुष्यात काही हजार सह्या केल्या असतील, आणि ती शेवटची वाचली होती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. आज त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वाचली. 'मी असे जाहीर करतो की कर्तव्य बजावताना मी आजवर कोणाकडूनही कोणताही लाभ स्वीकारलेला नाही.'

पेन 'आजवर'पाशी थांबलं.

"साहेब, शाई संपली का? आमचं घ्या."

"आहे शाई."

मग त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली, ओळीवर ठेवली, आणि पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत ती ओळ सरळ खोडली. खाली सही केली. तारीख घातली. पान फाडून खिळेवाल्यासमोर ठेवलं.

खिळेवाल्यानं आधी दंडाचा आकडा पाहिला. मग त्याची नजर खाली उतरली आणि तिथंच थांबली. खोडलेल्या रेघेखालची अक्षरं त्यानं ओठ हलवत, एकेक करत वाचली. दोनदा वाचली. दुकानाबाहेर एक हातगाडी खडखडत गेली, तिच्याकडे त्यानं पाहून घेतलं, आणि पुढं झुकून, वीस वर्षांत कधी बोलला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाला,

"साहेब... आधी सांगायचं नाही का?"

आणि त्यानं गल्ल्याचा खण ओढला.

"दंड आठ ग्रॅमचाच लागेल," तोळामासा म्हणाले.

"लागू दे की. तो लागायलाच पाहिजे." खिळेवाला समजूतदारपणे हसला.

तोळामासांनी वजनं पेटीत ठेवायला घेतली. सगळ्यात लहान आधी, चिमट्यानं, मखमलीतल्या त्याच्या त्याच्या खाचेत. मग त्याहून मोठं. मग त्याहून मोठं. खिळेवाल्याला घाई नव्हती. खण त्यानं उघडाच ठेवला होता.